वाहिनीची वाट : पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुन्या वीजवाहिन्यांच्या नूतनीकरणाचा आढावा

ग्रामीण भागातील जुनी वीजवाहिनी बदलणे म्हणजे झिजलेली तार उतरवून, कललेले खांब काढून त्याच जागी नवे सामान उभे करणे, अशी या कामाची सर्वसाधारण समजूत असते. सपाट, कोरड्या आणि विरळ झाडीच्या प्रदेशात ती बऱ्याच अंशी चालूनही जाते. परंतु जेथे वळवाच्या पहिल्या सरीपासून परतीच्या पावसापर्यंत जवळजवळ सहा महिने वाहिनीला वारा, वीज, पाणी आणि वाढते रान यांच्याशी झुंजावे लागते, तेथे या कामातून तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. वाहिनीने कोणत्या वाटेने जावे, त्या वाटेवर कोणत्या प्रकारची तार असावी, आणि उभारल्यानंतर तिची राखण कोणी व कशी करावी, हे ते तीन प्रश्न होत. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा आढावा घेताना असे दिसते की चर्चा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाभोवतीच, म्हणजे उघडी तार की भूमिगत केबल या वादाभोवतीच फिरत राहते, आणि वाहिनीचे भवितव्य मात्र पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

जाळ्याची घडण

गोव्यात महाराष्ट्रासारखी वीज वितरण कंपनी नाही. १९६३ साली स्थापन झालेले वीज खाते हेच आजही राज्याचे वितरक आहे, आणि विजेचे दर व सेवेचे निकष ठरवण्याचे काम गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग करतो. राज्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य असल्यामुळे कोरबा, विंध्याचल, रामगुंडम यांसारख्या केंद्रीय प्रकल्पांतील वाट्यावर गोव्याची भिस्त आहे, आणि ही वीज महाराष्ट्र व कर्नाटकातून घाट उतरून येणाऱ्या उच्चदाब पारेषण वाहिन्यांनी राज्यात पोहोचते. तेथून पुढे उपकेंद्रांत तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो. ३३ केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिनी तालुक्यातील लहान उपकेंद्रापर्यंत येते, त्या उपकेंद्रातून ११ केव्हीचे फीडर, म्हणजे एकेका टापूला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, निघतात आणि गावातील रोहित्रावर, अर्थात ट्रान्स्फॉर्मरवर, हा दाब ४१५ व २३० व्होल्टपर्यंत येऊन वीज घरात शिरते. प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे तो ३३ केव्हीपासून घरापर्यंतचा हा वितरणाचा भाग.

मुक्तीपूर्व काळात वीज मुख्यतः शहरांपुरती मर्यादित होती, आणि नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर ताब्यात घेतलेल्या प्रदेशातील, पेडणे व डिचोलीच्या खेड्यांपर्यंत ती मुक्तीनंतरच्या दशकांत गेली. ग्रामीण विद्युतीकरणाच्या त्या काळात कमी तारेत व कमी खांबांत जास्त गावे जोडणे हे देशभरच उद्दिष्ट असल्यामुळे वाहिन्या दोन ठिकाणांमधल्या जवळच्या वाटेने, शेतांतून, बागायतींतून आणि डोंगरउतारांवरून ओढल्या गेल्या. त्या वेळी गावागावांत आजच्यासारखे पक्के रस्तेही नव्हते, त्यामुळे रस्त्याच्या कडेने वाहिनी नेण्याचा पर्याय अनेक ठिकाणी उपलब्धच नव्हता. आज रस्ते झाले आहेत, रोपांचे वृक्ष झाले आहेत, आणि वाहिनी मात्र पूर्वीच्याच वाटेवर उभी आहे.

या वाटेचा स्वभाव दोन्ही तालुक्यांत जागोजागी बदलतो. पेडणे तालुका उत्तरेकडील तेरेखोल आणि दक्षिणेकडील चापोरा या दोन नद्यांमध्ये पसरलेला असून मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनारी गावांत माडांची दाटी व खारा वारा आहे, मोपेसारख्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, झाडी कमी पण वारा मोकळा आहे, तर इब्रामपूर, हळर्ण या पूर्वेकडील भागांत काजूचे डोंगर आणि रान आहे. डिचोली तालुक्यात शिरगाव, लामगाव, मुळगाव, मये हा खनिजपट्टा आहे, डोंगरांच्या कुशीत सुपारी, माड, केळी आणि मिरवेल एकत्र वाढणारी कुळागरे आहेत, साळ व लाटंबार्सेकडे दोडामार्गच्या सीमेला लागून असलेला झाडीचा मुलूख आहे, आणि आमोणे, नार्वे, पिळगावच्या बाजूला मांडवीकाठची सखल जमीन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७५ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. त्यानंतर पेडण्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि किनारपट्टीवर पर्यटनाची बांधकामे वाढली, त्यामुळे जुन्या फीडरांवरचा भारही त्यांच्या मूळ हिशोबापलीकडे गेला.

वादळ वाहिनीला कसे पाडते

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. वाहिनीच्या दृष्टीने मात्र सर्वांत धोक्याचा काळ बहुधा त्याच्या आधीचा, एप्रिल-मेमधील वळवाच्या वादळांचा असतो, कारण तेव्हा छाटणी पुरी झालेली नसते, इन्सुलेटरांवर, म्हणजे तार खांबापासून अलग राखणाऱ्या चिनी मातीच्या वाट्यांवर, कोरड्या महिन्यांतील धूळ व मिठाचा थर साचलेला असतो आणि त्यातच विजांचा कडकडाट होतो. याच काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळेही येतात. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले तेव्हा ते राज्यावर थेट धडकले नव्हते, तरीही शेकडो वीजखांब कोसळले, ३३ केव्हीच्या अनेक वाहिन्यांवर झाडे पडली आणि महाराष्ट्रातून गोव्याला वीज आणणाऱ्या २२० केव्हीच्या वाहिन्यांनाही हानी पोहोचली. कोविडची दुसरी लाट भरात असताना हे घडल्यामुळे वीजपुरवठ्याचा प्रश्न थेट रुग्णालयांच्या प्राणवायूपर्यंत जाऊन भिडला.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट येथे मुळाशी आहे. भारतीय मानकानुसार पणजीसाठी बांधकामाच्या हिशोबात धरायचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे, आणि त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब येतो. सेकंदाला २० मीटर वेगाच्या वाऱ्यात हाच दाब केवळ २४० न्यूटन असतो. म्हणजे वेग जेमतेम दुप्पट होताच दाब जवळजवळ चौपट होतो. योग्य खोलीवर रोवलेला, ताणतारा शाबूत असलेला खांब हा दाब सहसा सोसतो. त्याला न पेलवणारा भार येतो तो झाडाच्या रूपाने. तारेवर कोसळलेले झाड तिला खाली खेचते, तारेचा ताण दोन्ही बाजूंच्या खांबांवर येतो, आणि ते मोडले की पुढचे खांबही एकामागून एक ओढले जातात.

माडाच्या बाबतीत हा हिशोब अगदी जवळून पाहता येतो. नऊ मीटरच्या खांबाचा साधारण सहावा भाग, म्हणजे दीड मीटर, जमिनीत जातो, त्यामुळे वरची तार साडेसात मीटरच्या आसपास राहते. जुना माड मात्र सहज वीस मीटर उंच असतो. असा माड वाहिनीपासून पंधरा मीटर दूर, दुसऱ्याच्या परसात उभा असला, तरी मुळापासून उपटून वाहिनीच्या दिशेने पडल्यास त्याचा शेंडा तारेपर्यंत पोहोचतो. वाहिनीखालचा अरुंद पट्टा कितीही स्वच्छ राखला तरी या माडावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. माड न पडताही उपद्रव करतो, तो त्याच्या चुडतांनी. पावसात भिजलेली जड झावळी देठापासून सुटून ११ केव्हीच्या दोन तारांवर आडवी पडली की ओल्या पानांतून प्रवाह एका तारेतून दुसरीकडे जातो, क्षणभर ठिणग्यांचा लोळ उठतो, उपकेंद्रातील संरक्षण फीडर बंद करते, आणि झावळी खाली घसरून पडली तरी कोणीतरी वाहिनी पायी तपासल्याशिवाय वीज परत येत नाही.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर दोषांचे स्वरूप बदलते. सड्यांवर मोकळ्या वाऱ्यात सैल झालेल्या तारा झोके घेऊन एकमेकींवर आपटतात. खनिजपट्ट्यात वर्षानुवर्षे उडालेली तांबडी धूळ इन्सुलेटरांवर बसते आणि पहिल्या सरीत ओली होऊन प्रवाहाला वाट देते. जांभ्या दगडाच्या जमिनीत आणखी एक दडलेला धोका आहे. कोरड्या जांभ्याचा विद्युतरोध जास्त असतो, त्यामुळे तुटून सड्यावर किंवा वाळक्या काजूपानांवर पडलेल्या तारेतून जमिनीत फार थोडा प्रवाह जातो, उपकेंद्रातील संरक्षणाला तो दोष म्हणून ओळखू येत नाही, आणि तार जिवंतच राहते. अशा तारेला गुरे किंवा वाटसरू यांचा स्पर्श होऊन जीव जातो, म्हणून तुटलेल्या तारेची वर्दी लोकांनी तत्काळ देणे हा संरक्षणव्यवस्थेचाच एक भाग ठरतो.

वाहिनीचे वय

वाहिनीचे वय केवळ उभारणीच्या वर्षावरून ठरत नाही. एकाच फीडरवर किनाऱ्याजवळची तार पंधरा-वीस वर्षांत थकलेली आणि आतल्या गावातील तार त्याच्या दुप्पट काळ धडधाकट असू शकते. वितरणात सर्रास वापरली जाणारी तार ॲल्युमिनियमच्या पदरांची असून तिच्या मध्यभागी जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी गाभा असतो, आणि जाडीनुसार तिच्या प्रकारांना वीझल, रॅबिट, रॅकून, डॉग अशी प्राण्यांची चढती नावे आहेत. खाऱ्या हवेत मुलामा खपला की आतले पोलाद गंजते, बाहेरून तार शाबूत दिसत असताना तिचे बळ आतून कमी होते, आणि ती वादळात नेमकी इन्सुलेटरला बांधलेल्या जागी तुटते. लोखंडी खांब जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तेथे गंजतात. काँक्रीटचे खांब तडकून आतल्या सळ्या उघड्या पडतात. एका तारेपासून दुसरीकडे प्रवाह नेणारे जंपर सैल झाले की तापतात व जळतात.

यात भर पडते ती रस्त्यांची. सुरक्षा नियमांनुसार रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि उच्चदाब तार ६.१ मीटर उंच असावी लागते, परंतु दर काही वर्षांनी हॉटमिक्सचा नवा थर चढतो आणि तार जागची न हलताही तिची उंची कमी होत जाते. म्हणून नूतनीकरणापूर्वीची पाहणी खांबागणिक व्हावी लागते. खांबाचा क्रमांक, कल, गंज, ताणतार, इन्सुलेटर, तारेची जोडणी, उंची आणि आजूबाजूच्या झाडांची उंची व अंतर अशी नोंद झाली की फीडरचे सरासरी वय हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो आणि त्याच्या जागी बरे, मध्यम व तातडीने बदलण्याजोगे असे तुकडे दिसू लागतात.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

पहिला पर्याय त्याच वाटेवर नवी उघडी तार टाकण्याचा आहे. पोलादी गाभ्याऐवजी संपूर्ण ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार घेतली तर गंजाचा प्रश्न बराच सुटतो, दोन खांबांमधील लांब अंतरात एक खांब वाढवला तर झोकेही कमी होतात, आणि मोकळ्या सड्यावर व भातशेतीत एवढे पुरेसे असते.

दुसरा पर्याय आवरण असलेल्या तारेचा आहे. तिच्यावरील प्लास्टिकजन्य वेष्टनामुळे फांदीचा स्पर्श झाला किंवा दोन तारा टेकल्या तरी वाहिनी लगेच बंद पडत नाही, त्यामुळे चुडते आणि फांद्या यांच्यापुरता हा उपाय चांगला आहे. परंतु वेष्टनामुळे तारेचा व्यास दीडपट झाला तर वाऱ्याचा भारही त्याच प्रमाणात वाढतो, जुने खांब तो पेलतीलच असे नाही, आणि आख्खे झाड कोसळल्यास ही तारही तुटते. वेष्टन म्हणजे हात लावण्याइतकी सुरक्षितता नव्हे, हेही लोकांना वेगळे सांगावे लागते. लघुदाबाच्या वाहिन्यांवर, विशेषतः दाट वस्तीत, पूर्ण आवरणाच्या तारा एकत्र पिळून केलेली एरियल बंच केबल वापरली जाते आणि तेथे तिचा उपयोग निर्विवाद आहे.

तिसरा पर्याय भूमिगत केबलचा. वाऱ्यापासून तिला भय नसल्यामुळे लोकमत तिच्या बाजूने असते, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्यात गोवा व महाराष्ट्र दोन्ही राज्ये होती, भूमिगत केबलचा समावेश होता. रायगड जिल्ह्यातील अलिबाग शहरातील केबलचे काम याच प्रकल्पातील आहे. दाट किनारी वस्तीत हा खर्च समर्थनीय ठरतो. विरळ खेड्यात मात्र प्रत्येक ग्राहकामागे केबलची लांबी वाढते, उघड्या तारेच्या तुलनेत खर्च अनेक पटींनी होतो, जांभ्यात चर फोडणे जिकिरीचे असते, आणि कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नसल्यामुळे केबलची भारक्षमता घटते. शिवाय केबलमधील दोष डोळ्यांना दिसत नाही. जोडणीत पाणी शिरून ती भर पावसात निकामी झाली तर दोषाची जागा यंत्राने शोधणे, खणणे, पाणी उपसणे आणि कोरडी जोडणी करणे यात तारेच्या दुरुस्तीपेक्षा अधिक वेळ जातो. म्हणून भूमिगत केबल दोन्ही टोकांनी वीज मिळू शकेल अशा वळशात, म्हणजे रिंगमध्ये, टाकली तरच ती खऱ्या अर्थाने भरवशाची ठरते.

चौथा पर्याय वाट बदलण्याचा आहे, आणि कुळागरे व माडांच्या बागांसाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. रस्त्याच्या कडेने गेलेली वाहिनी लांब होते, तिला वळणे व कोपऱ्याचे खांब अधिक लागतात, परंतु तिच्या एका बाजूला निदान रस्त्याच्या रुंदीएवढी मोकळीक असते, दोष वाहनातून दिसतो, आणि पडलेले झाड हटवायला यंत्र तेथपर्यंत पोहोचते. फिनलंडमध्ये २०११ च्या डिसेंबरमधील वादळांनी जंगलातील वाहिन्या मोठ्या प्रमाणावर पाडल्यानंतर २०१३ च्या कायद्याने वादळामुळे होणारा खंड नागरी भागात सहा तासांपेक्षा व अन्यत्र ३६ तासांपेक्षा जास्त नसावा असे बंधन घातले. त्यानंतर तेथील वितरकांनी भूमिगत केबलबरोबर जंगलातील वाहिन्या रस्त्याकडेला आणण्याचा मार्गही धरला. हे बंधन पूर्ण करण्याची मुदत पुढे २०३६ पर्यंत वाढवावी लागली, यावरून सधन देशालाही हे काम किती दीर्घ पल्ल्याचे ठरते याची कल्पना येते.

या संदर्भात गोव्यातील पारेषणाच्या वादाशी तुलना उद्बोधक ठरते. गोव्यात बाहेरून वीज आणण्यासाठीच्या तमनार प्रकल्पातील ४०० केव्हीच्या वाहिनीवरून मोले परिसरातील जंगलाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नवी जंगलतोड टाळण्यासाठी अस्तित्वात असलेल्या वाहिनीच्या पट्ट्याचा वापर करावा, या दिशेची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये केली. उंच मनोऱ्यांच्या रुंद पट्ट्यासाठी जुनी वाट राखणे हिताचे होते. बागायतीतून गेलेल्या ११ केव्हीच्या वाहिनीसाठी जुनी वाट राखणे हेच दुखण्याचे मूळ असते.

झाड, जमीन आणि कायदा

वाट बदलायची म्हटली की जमिनीचा प्रश्न येतो. काही जमीन खासगी, काही कोमुनिदादची, म्हणजे पोर्तुगीजपूर्व ग्रामसंस्थेच्या परंपरेतून आलेल्या सामूहिक मालकीची, तर मयेसारख्या गावात बरीच जमीन दीर्घकाळ स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात राहिलेली. अशा परिस्थितीत खांबासाठी संमती नेमकी कोणाची घ्यायची, येथूनच काम अडते. झाडांच्या बाबतीत विद्युत कायदा २००३ चे कलम ६८ वाहिनीला अडथळा ठरणारे झाड दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने हटवण्याची सोय देते आणि झाड वाहिनीच्या आधीपासूनचे असेल तर भरपाईचा हक्क मान्य करते. दुसरीकडे १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये गोव्यात झाड तोडायला परवानगी लागते. २०१६ मध्ये या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून माडाला वगळल्यावर मोठा वाद झाला आणि पुढे त्याला पुन्हा संरक्षण देण्यात आले.

या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत प्रत्यक्ष छाटणी होते. बागायतदाराच्या दृष्टीने फळता माड किंवा फणस हे उत्पन्न आहे आणि शेंडा चुकीच्या जागी छाटलेला वृक्ष आणखी अस्ताव्यस्त वाढतो, तर वीज कर्मचाऱ्याला पावसाळ्यापूर्वीच्या थोडक्या दिवसांत मैलोगणती वाहिनी मोकळी करायची असते. छाटणीची तारीख आधी कळवणे, कोणती फांदी जाणार हे मालकासमक्ष ठरवणे, आणि उत्पन्न गमावावे लागल्यास भरपाई विनासायास देणे या साध्या गोष्टी झाल्या नाहीत, तर नवी तारही पाच-सात पावसाळ्यांत जुन्या तारेइतकीच पानांत बुडून जाते.

कामाचा हंगाम आणि संरक्षण

खांब रोवण्याचे व चर खणण्याचे काम ऑक्टोबरअखेर ते मे एवढ्याच काळात नीट होते, आणि नेमका तोच किनाऱ्यावरील पर्यटनाचा हंगाम असल्यामुळे काम करण्यासाठी वीज बंद ठेवायला विरोध होतो. यावर जुनी वाहिनी चालू ठेवून शेजारी नवी उभारणे आणि शेवटी एका दिवसात जोडणी फिरवणे हा मार्ग आहे, आणि तो सोयीचा होण्यासाठीही बहुधा नवी वाटच लागते. कामाच्या वेळी ‘लाइन क्लिअर’ घेणे, म्हणजे वाहिनी मृत असल्याची लेखी खात्री करून घेणे, पुरेसे नसते. घरोघरच्या जनरेटरांची जोडणी सदोष असेल तर त्यांची वीज उलटी रोहित्रातून चढून उच्चदाब वाहिनीत येते, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंनी तारा जमिनीशी जोडल्याशिवाय खांबावर चढता कामा नये.

संरक्षणाची नवी साधने तुलनेने कमी खर्चात मोठा फरक पाडतात. दोष आल्यावर वाहिनी बंद करून काही क्षणांनी ती आपोआप पुन्हा चालू करून पाहणारा रिक्लोजर झावळीसारखे तात्पुरते दोष माणसाशिवाय निस्तरतो, तर वाहिनीचे तुकडे पाडणारी स्विचे व दोषाची दिशा दाखवणारे दिवे यांमुळे एका गावातील फांदीसाठी दहा गावे अंधारात राहत नाहीत. मात्र तुटलेल्या जिवंत तारेच्या धोक्यामुळे वस्तीतून जाणाऱ्या फीडरवर पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न मर्यादितच ठेवावे लागतात.

समारोप

या सर्व चर्चेतून कामाचा एक क्रम हाती येतो. प्रथम खांबागणिक पाहणी व्हावी आणि तिच्यानुसार फीडरचे तुकडे पडावेत. त्यानंतर बागायतीतील व कुळागरांतील तुकड्यांची वाट रस्त्याकडे वळवावी, किनारी दाट वस्तीत रिंगसह भूमिगत केबल, फांद्यांच्या पट्ट्यात बळकट खांबांवर आवरणाची तार आणि सड्यावर साधी मिश्रधातूची तार अशी निवड व्हावी, आणि छाटणीचा करार व खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेसारख्या केंद्रीय योजनांतून उभारणीला पैसा मिळू शकतो. दरवर्षीच्या राखणीचा पैसा मात्र राज्यालाच काढावा लागतो.

यशाचे मोजमाप करण्यासाठी ग्राहकामागे वर्षातून किती वेळा आणि किती तास वीज गेली, हे दोन निर्देशांक जगभर वापरले जातात. ते आवश्यक असले तरी सरासरीत एखाद्या आडवळणाच्या वाड्याचे हाल बुडून जातात. त्याहून बोलका पुरावा उपकेंद्रातील दोष नोंदवहीत असतो, मात्र त्यासाठी प्रत्येक खंडाची वेळ, खांब क्रमांक आणि कारण नेमके लिहिले गेले पाहिजे. नूतनीकरणानंतरचा पहिला पावसाळा सरल्यावर ही वही उघडली असता तेच खांब क्रमांक आणि तीच कारणे पुन्हा दिसली, तर त्या तुकड्यावर तार नवी आली आणि वाट जुनीच राहिली, एवढाच त्याचा अर्थ असतो.